रव्याच्या डब्यामागे लपवलेला डबा

(सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र थोडक्यात देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताईंचं वय 42, उंची पाच फूट दोन इंच, वजन 74 किलो. पतसंस्थेत नोकरी. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. दुसऱ्या बाळंतपणापासून वजन वाढत गेलं, चार वर्षांपूर्वी थायरॉइड निघाला. नणंद वजन उतरवण्याच्या एका क्लबात जातात आणि तिथली पावडरही विकतात. त्यांच्या आग्रहानं ताईंनी सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण सोडून शेक घेतला. पहिल्या महिन्यात पाच किलो उतरले. पुढचे दोन महिने काटा हललाच नाही. पावडर बंद केल्यावर सहा किलो परत आले. तीन आठवड्यांपूर्वी ताईंनी पुन्हा सुरुवात केली: साडेसहाला थायरॉइडची गोळी, सातला शेक. आता नणंदबाई म्हणतात, नुसत्या पावडरीनं भागणार नाही, जोडीला गार्सिनियाच्या कॅप्सूल, झोपताना डिटॉक्स चहा आणि ओळखीच्या एकाकडचं 'फॅट कटर' चूर्ण घे. सासूबाईंना हे सगळं थेर वाटतं. "आमच्या वेळी कुठं होत्या पावडरी? भाकरी खा, तूप खा, काही होत नाही." त्या 73 वर्षांच्या, काटक, आजही विहिरीपर्यंत चालत जातात. त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून पावडरीचा डबा रव्याच्या डब्यामागे असतो. फेब्रुवारीत भाच्याचं लग्न आहे. ताई विचारतात, "ऐकू कुणाचं? भाकरी-भात बंद करून पावडरीवरच राहू, की सगळं सोडून सासूबाई म्हणतात तसं जेवू? जेवायला मी शेवटीच बसते, तेव्हा किती खाल्लं ते धड कळतही नाही."

ताई,

कुणाचं ऐकायचं ते पुढे बघू. तुमच्या पत्रातले दोन आकडे आधी हातावेगळे करायला हवेत: साडेसहा आणि सात.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण कॅल्शियम आणि लोह असलेल्या गोष्टी त्या गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या असतात, हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलं नसतं. सोयाचं प्रथिनही तिच्या शोषणात आडवं येतं. जेवणाऐवजी घ्यायच्या शेकमध्ये बहुतेकदा ही तिन्ही असतात, आणि वर तो दुधात कालवलेला. म्हणजे वजन उतरावं म्हणून घेतलेला ग्लास कदाचित गोळीलाच निकामी करत असेल. गोळी लागली नाही की टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, रक्तात मोजतात ते) चढतो, अंग जड होतं, वजन ढिम्म हलत नाही, आणि दोष 'इच्छाशक्ती'ला जातो. तेव्हा डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि टीएसएच तपासून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागते. लग्नाच्या आत हे होऊन जाईल.

आता पावडर. पाच किलो उतरले म्हणून ती लागू पडली, असं तुम्ही धरून चालला आहात. ते पाच किलो जरा उलगडून पाहा. आपलं शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि तिच्या दर ग्रॅमामागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा रिता होतो आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारा चमत्कार बराचसा हाच असतो, आणि पुन्हा जेवायला लागलं की तेवढं वजन पहिल्यांदा परत येतं. उरलेलं वजन का उतरलं? दोन वेळचं जेवण काढून तिथं दोन ग्लास ठेवलेत. दूध धरून एका ग्लासात दोनशे-अडीचशे कॅलरी. एवढ्यावर कुणाचंही वजन उतरेल, ग्लासात काही का असेना.

तरी त्या महिन्यात एक चांगली गोष्ट घडली होती, तिचं श्रेय मी पावडरीला देणार नाही. तुमच्या वाट्याचं खाणं पहिल्यांदाच वेगळं काढलेलं होतं. ठरलेली वेळ, ठरलेला ग्लास, आठवड्याला वजनाची नोंद. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा इथं येणार आहे.

कॅप्सूल, चहा आणि चूर्ण मात्र तिन्ही नको.

गार्सिनिया कंबोजिया म्हणजे मलबारी चिंच, आपल्या कोकमाची चुलत बहीण. तिच्या सालीतलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल चरबी बनू देत नाही, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं, त्यावर हा सगळा बाजार उभा आहे. माणसांवर त्याची नीट परीक्षा 1998 मध्ये अमेरिकेत झाली. 135 लठ्ठ माणसं, 12 आठवडे, काहींना खरी कॅप्सूल आणि काहींना हुबेहूब दिसणारी पोकळ. वजनात फरक पडला नाही. पुढे अशा कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र झाल्या. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांचंही तसंच आहे. कपभर ग्रीन टी पिणं वेगळं आणि गोळीत कोंबलेला अर्क वेगळा. युरोपातल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्येच सांगितलंय की त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताचे रिपोर्ट बिघडताना दिसतात. (सोलकढी जरूर प्या. बारीक होण्यासाठी नको, ती चांगली लागते म्हणून.)

डिटॉक्स चहाच्या पुडीवर घटक बारीक अक्षरात असतात. त्यात 'सेन्ना' दिसलं तर ओळखा, ती आपली सोनामुखी. आजीच्या बटव्यातली, पोट साफ होत नसेल तर एखाद्या रात्री घ्यायची. सकाळी काटा अर्धा-पाऊण किलो खाली दाखवतो, ते पाणी आणि मळ. जेवणातली ताकद लहान आतड्यातच शोषली गेलेली असते आणि सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यावर, म्हणजे बैल पळाल्यावर गोठ्याला कडी. ती रोज घेत राहिलात तर अंगातलं पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात, आणि पुढे तिच्याशिवाय पोटच हलत नाही.

चूर्णाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं एक औषध होतं. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून 2010 मध्ये ते युरोप-अमेरिकेतून मागे घेतलं गेलं, आणि 2011 मध्ये आपल्याकडेही त्यावर बंदी आली. पण 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते चोरून मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडत आलं आहे. ज्या चूर्णानं दोन दिवसांत भूक मरते, तोंड कोरडं पडतं, झोप उडते, छाती धडधडते, ते 'किती गुणकारी' म्हणून आनंदायचं नसतं. लेबल नसलेली पुडी कुणाच्याही ओळखीची असो, घरात घेऊ नका. आणि यातलं काही कुणी आधीच घेत असेल आणि लघवी गडद होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, अंगाला खाज सुटत असेल, तर त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जा.

"पण डब्यावर सरकारी नंबर आहे," असं नणंदबाई म्हणतील. असतोही. एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी परवाना नंबर सांगतो की माल बनवणाऱ्याकडे अन्न बनवण्याचा परवाना आहे. त्यानं वजन उतरतं का, हे तपासून तो दिलेला नसतो. लठ्ठपणा घालवतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं मनाई आहे. डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं आणि तोंडी मात्र '15 दिवसांत 7 किलो' सांगितलं जातं. हल्ली वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांचाही बोलबाला आहे. ती खरी औषधं आहेत, काहींना उपयोगीही पडतात, पण तपासून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

आता तुम्हाला वाटेल, म्हणजे सासूबाईच बरोबर. अर्ध्या बरोबर.

भाकरीवर तुम्ही उगाच आळ घेतलाय. मध्यम भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोनशे ते सव्वादोनशे कॅलरी. तुमच्या त्या एका ग्लासाएवढ्याच. त्यात थेंबभर तेल नाही, कोंड्यासकट पीठ, आणि चावायला वेळ लागतो, त्यामुळे पोट भरल्याचं मेंदूला कळायला अवधी मिळतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ज्या जिल्ह्याची शान आहे, तिथल्या बाईनं बारीक व्हायला डब्यातला ओट्स-शेक प्यावा, याचं मला जरा हसू येतं. रागावू नका.

पण सासूबाई बारीक आहेत त्या भाकरी-तुपानं, हे गणित पुन्हा मांडायला हवं. त्या 73 वर्षांच्या, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात नव्यानं नांदायला आलेल्या किंवा येऊ घातलेल्या. तुमच्या भागात तेव्हा बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, सुकडी आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढत होत्या. पाणी डोक्यावरून, दळण जात्यावर, वाटण पाट्यावर. तूप होतं, पण किती होतं आणि कुणाच्या पानात पडत होतं, हे त्यांनाच एकदा निवांत विचारा. त्यांच्या काटकपणात कष्टाचा वाटा आहे आणि पोटभर न मिळालेल्या दिवसांचाही. तुम्ही आठ तास खुर्चीत बसता. तीच भाकरी, तेच तूप, पण शरीराचा खर्च बराच खाली आलेला.

शिवाय ज्याला आज घरात 'आपलं जेवण' म्हणतात ते सासूबाईंच्या वेळचं राहिलंय का? तळण तेव्हा सणाला होत होतं, आता रविवार पुरतो. कालवणावर बोटभर तर्री आल्याशिवाय ते फिकं वाटतं. शेंगाचटणी तोंडी लावायची होती, ती वाटीनं येते. माडगं, हुलगे, अंबाडी, ताक मात्र मागे पडलं. आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटासकट: एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी आपल्याला म्हणून ठेवलंय.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्या पत्राची चावी तिथंच सापडली. *जेवायला मी शेवटीच बसते, तेव्हा किती खाल्लं ते धड कळतही नाही.*

हीदेखील परंपराच आहे. सगळ्यांना गरम वाढून झालं की बाई बसते, रात्रीचे दहा वाजलेले असतात. ताटही घेत नाही बऱ्याचदा, पातेल्यातच भात कालवते. धाकट्याच्या ताटातली अर्धी पोळी, कढईच्या कडेला राहिलेली तेलकट भाजी, एवढीशी उरलेली आमटी, उद्या कोण खाणार म्हणून सकाळचा भात. कोशिंबीर संपलेली, वरणातली डाळ वर वर वाढून गेलेली, खाली पाणी. म्हणजे घरात सगळ्यात जास्त तेल आणि पीठ, आणि सगळ्यात कमी डाळ-भाजी जिच्या पोटात जाते, ती तुम्ही. अन्न टाकवत नाही हा संस्कार चांगला आहे, पण उरलेल्या अन्नासाठी फ्रीज असतो, आपलं पोट ते ठिकाण नव्हे. वर दिवसभर डाळ कमी पडली की संध्याकाळी कार्यालयातून आल्या आल्या भडंगाच्या डब्यात हात जातोच. तो हावरटपणा नसतो, ती खरी भूक असते.

पावडरीनं पहिल्या महिन्यात काय केलं होतं, आठवलं? तुमचा वाटा वेगळा काढला होता. तेच ताटानं करा. स्वयंपाक झाला की सगळ्यांच्या आधी तुमचं ताट वाढून झाकून ठेवा: एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दोन वाट्या भाज्या-कोशिंबीर, ताक. भात हवा तर भाकरी अर्धी. तूप एक चमचा, घरात चहाची साखर ज्या चमच्यानं घेता त्यानं. जमलं तर सगळ्यांबरोबरच बसा, मुलं हातानं वाढून घ्यायला शिकतील. सासूबाईंना पहिले चार दिवस खटकेल. त्यांना सांगून पाहा, "आई, तुम्ही पण तेव्हाच बसा माझ्याबरोबर." बहुतेक त्याही आयुष्यभर शेवटीच बसल्या असतील.

ताटात किती, याचा अंदाज हवा असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचना आहेत. दिवसाला 2000 कॅलरीच्या आहारात धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, तेल 27 ग्रॅम. वजन उतरवायचं तर तुम्हाला याहून थोडं कमी लागेल, ते धान्यातून आणि तेलातून कमी करा, डाळीतून नको. पाच माणसांच्या वरणाला वाटीभर तूरडाळ लावली, तर माणशी तीसच ग्रॅम पडते. म्हणून दुसऱ्या वेळेला उसळ हवीच: मटकी, हुलगे, चवळी, जे घरात असेल ते. सकाळी शेकच्या जागी मुगाचं धिरडं, किंवा दोन अंडी आणि अर्धी भाकरी, किंवा शिळी भाकरी ताकात कुस्करून कांद्याबरोबर, सोबत मोड आलेली मटकी. चहा दिवसात चार असतील तर दोन करा. चार कपांत दोन-दोन चमचे साखर म्हणजे रोजच्या 160 कॅलरी, पाऊण भाकरीएवढ्या. भाकरी सोडण्यापेक्षा हे सोपं. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर-आमटी किंवा राजगिरा, आणि पोटाला तड लागेपर्यंत नाही, एवढंच. चालायचं किती हे सांगायला मी नको, विहीर कुठे आहे ते सासूबाईंना माहीत आहे. संध्याकाळी त्यांच्याबरोबर जा.

लग्नाला तीन महिने आहेत असं धरलं तर चारेक किलो उतरणं रास्त आहे. ऐकायला कमी वाटेल, पण तुमच्या वजनाचा हा पाच टक्के भाग आहे, आणि तेवढ्यानं साखर, रक्तदाब, गुडघे यांत फरक दिसायला लागतो. याहून घाईनं उतरवलं तर स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. ब्लाउज आत्ताच्या मापाचा शिवा, आत शिवण धरून. सैल झाला तर उसवायच्या ऐवजी टीप घालायची, कुणाची हरकत नाही.

नणंदबाईंचं कसं करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. त्यांच्या मालाबद्दल वाद घालू नका. त्यांनी त्यात पैसे अडकवलेत, चार जणींना सांगून बसल्यात, तुम्ही पावडर नाकारली की त्यांना स्वतःलाच नाकारल्यासारखं वाटणार. फोडलेल्या डब्याचे पैसे देऊन टाका आणि खरं तेच सांगा: "वन्सं, थायरॉइडच्या गोळीशी याची वेळ जमत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही घेणार नाही." पुन्हा आग्रह झाला तर पुन्हा हेच वाक्य, शब्द न बदलता. भाऊबीजेला साडी नेहमीसारखी घ्या.

आणि रव्यामागचा तो डबा पुढे काढाल तेव्हा त्यातला प्लास्टिकचा चमचा फेकू नका. किती मिलीचा आहे ते त्याच्यावर बहुधा लिहिलेलं असतं, नसेल तर औषधाच्या मापानं मोजून घ्या. 27 ग्रॅम तेल म्हणजे साधारण 30 मिली, पाच माणसांना दिवसाचं 150. रोज सकाळी तेवढं तेल त्या चमच्यानं मोजून छोट्या बरणीत काढायचं आणि दिवसभराची फोडणी त्यातच भागवायची. या हिशेबानं पाच लिटरचा कॅन 33 दिवस जायला हवा. नवा कॅन फोडाल त्या दिवशी, दुधाचा खाडा लिहिता त्याच कॅलेंडरवर तेलाची खूण करून ठेवा, आणि संपेल त्या दिवशी दुसरी. मधले दिवस किती निघाले ते मला कळवा.